ईरम्माचा नळ

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आपण सगळेच सोसतो. ज्याच्या घरी बोअर, त्याच्याकडे गल्ली आशेने पाहते. नंदीशच्या घरी बोअर होती. त्याच्या वडिलांनी कुंपणाच्या भिंतीतून एक नळ रस्त्यावर काढून दिला होता. त्याची आई ईरम्मा तो रोज सोडी आणि वर्षानुवर्षे गल्ली त्यावर पाणी भरे.

आता तिथे नंदीशचा नवा बंगला उभा होता. फाटकावर पितळी अक्षरे, 'वैभव'. त्या दिवशी त्याच्या मुलीला, अपेक्षाला, पाहायला पुण्याहून पाहुणे येणार होते. सकाळीच त्याने बाहेरच्या नळाचा कॉक आतून बंद केला.

"अव्वा, करोडपती माणसं येणार. दारात घागरींची रांग बघून काय म्हणतील?"

"म्हणतील, या घरात पाणी हाय," ईरम्मा म्हणाली. "तुजे करोड कुनी बघितल्यात रे? तू आन् बँकेनं. दुसऱ्याला देताना ज्याचा हात आखडतो, त्यो कसला श्रीमंत?"

"तुझं प्रवचन उद्या ऐकतो!"

वेळ टळून गेली, पाहुणे येईनात. अपेक्षा पुन्हा पुन्हा गॅलरीत जाऊन पाही. शेवटी फाटक वाजले. पुढे गल्लीतली पारूबाई, मागे पुण्याचे पाहुणे महेश्वर आणि त्यांचा मुलगा.

"'वैभव' कुणालाच ठाऊक नाही हो!" महेश्वर हसले. "तुमचं नाव सांगितलं, तर या बाई म्हणाल्या, 'ईरम्माच्या नळाचं घर म्हना की!' आणि थेट दारापर्यंत आल्या. आमच्या सोसायटीत सगळेच करोडपती. पण शेजारचं दार कुणाचं, मला अजून माहीत नाही." मग त्यांचे लक्ष पारूबाईच्या कमरेकडे गेले. "अहो, घागर रिकामीच?"

पारूबाईने क्षणभर नंदीशकडे पाहिले.

"आज बोअर आटलीया, दादा. हुतंय कधी कधी."

तिने त्याची लाज झाकली! सकाळी जिला त्याने कोरड्या नळासमोर उभे केले, तिनेच! स्थळ मोडले तर मोडू दे, पण हे खोटे तिच्या माथी नको, असे त्याला वाटले.

"पाणी आहे," तो कसाबसा म्हणाला. "तुम्हाला गर्दी दिसू नये म्हणून मीच बंद केलं."

त्याने जाऊन कॉक उघडला. भिंतीपलीकडे धार वाजली. अपेक्षाने पळत येऊन पारूबाईची घागर नळाखाली धरली. भरलेली घागर महेश्वरांच्या मुलाने उचलून दिली. ईरम्मा आत चहाला आधण ठेवायला गेली, डोळे पुसत.

मित्रहो, जागेचे भाव चढले आणि आज गल्लोगल्ली करोडपती झाले. त्यात वाईट काही नाही. फक्त आपले घर लोक कशावरून ओळखतात, हे एकदा शेजाऱ्यांना विचारावे. मला वाटते, आपली खरी श्रीमंती तेच सांगू शकतील.