पाणी न सोसणारा खडा

आगीच्या बेटावर सकाळ उजाडत नाही, पेटते.

काळा डोंगर, काळी राख, राखेत धुराची धगधगती भोकं. त्या भोकांच्या ओठांवर, गंधकाच्या उग्र वासात, पावसाचीही जिथे वाटेतच वाफ होते, तिथे एक खडा जन्मतो. तांबूस-पिवळा, रक्तात हळद कालवल्यासारखा. धूम्रजन्मा, अग्निपुत्र, उभ्या जन्मात पाण्याचा थेंब न पाहिलेला.

पाणी त्याचा वैरी. नुसत्या दमट हवेनंही त्याला घाम फुटतो, तो विरघळतो, आणि जाता जाता शिवणाऱ्याच्या कातडीवर पिवळा डाग ठेवून जातो. तांब्याला तर तो खातो. हळूहळू, चवीनं.

बंदरात हे भागीला एकटीलाच ठाऊक होतं. तिचा भाऊ हिरोजी बोटीवर खलाशी. पहिल्या सफरीत त्यानं गुपचूप एक कण आणला होता. तिनं तळहातावर घेतला आणि तळहात हळदीचा झाला. घासून घासून ती रडकुंडीला आली, तो पोट धरून हसला. "कातडी बदलेपर्यंत जायचा नाय तो! घामाच्या हातानं शिवलीस ना, वेडे!"

दुसऱ्या सफरीतून हिरोजी आला नाही. खडा आला.

मूठभर खडा, काचेच्या बरणीत. झाकणावर मेण, आणि मेणात रुतलेला एका अंगठ्याचा पिवळा ठसा. बरणी छातीशी धरून बोटीचा धनी उतरला, धर्मा तांडेल. "मी विवरात उतरलो, ह्या हातांनी खणला," तो म्हणाला. "माझ्यामागून हिरोजी उतरला, आणि दोर जळला. मी तरी काय करणार?"

भागीनं बोटीवर परत आलेल्या दोराचं टोक पाहिलं. जळका दोर काळा असतो. हे टोक गोरं होतं, कोयत्यानं तोडलेल्या उसासारखं गोरं. मग तिनं तांडेलाचे हात पाहिले. तेही गोरे. नितळ, निर्मळ, बिनडागाचे.

बोलणार कुणापाशी? अर्ध्या बंदराची चूल त्याच्या बोटीवर पेटायची. पण राग तिनं गिळला नाही. राखेखाली निखारा झाकतात तसा झाकला. राखेखाली धगधगता, राखेखाली जागता, पार नवरात्रापर्यंत.

खंडेनवमीचं ऊन आलं, पितळेसारखं लखलखीत. वाळूवर हत्यारं मांडली, धुऊन, गंध लावून. नांगर, कोयते, होकायंत्र. मधोमध पाटावर ती बरणी. लोक त्या खड्याला आता आग्यादेव म्हणायचे, आणि आग्यादेव आणणाऱ्या तांडेलाला आज बंदराचा पाटील करायचं ठरलं होतं. पागोटं तयार होतं.

"नांगराला अंघोळ, कोयत्याला अंघोळ, आणि देव तेवढा पारोसा?" भागी म्हणाली. सगळ्यांदेखत.

बायका फिसकन हसल्या. येसू म्हातारी मात्र हसली नाही. "खरंच की रे धर्मा. पारोसा देव कोपतो."

"घालतो की अंघोळ! माझाच देव," तांडेल म्हणाला, आणि त्यानं मेण फोडलं.

मेण तुटलं, अंगठ्याचा ठसा सुटून वाळूत पडला. हिरोजीचं एवढंच उरलं होतं जगात. क्षणभर भागीला वाटलं, धरावा ह्याचा हात, थांबवावं. तिनं हात धरला नाही. ताम्हण पुढं केलं. पाण्याचा तांब्या पुढं केला. मेणाचा तुकडा तेवढा वाळूतून उचलून मुठीत घेतला.

त्यानं बरणी ताम्हणात उपडी केली. पाणी पडलं.

खडा फुसफुसला, शेपटीवर पाय पडलेल्या नागासारखा. आंबट वाफ उठली, घसे खवखवले. देव खचला, देव ढासळला, देव तपकिरी पाणी होऊन ताम्हणात पसरला. तांडेल दोन्ही हातांनी त्याला धरायला धावला, आणि देव बोटांतून सांडला. हात पिवळे झाले. मनगटापर्यंत पिवळे. त्यानं ते वाळूत घासले, राखेत घासले, धोतराला पुसले. डाग हलेना.

"कातडी बदलेपर्यंत जायचा नाय तो," भागी म्हणाली. भावाच्याच सुरात. "जो शिवेल त्याला तो रंगवतोच. मग तांडेल, तुम्ही खणून आलात तेव्हा तुमचे हात गोरे कसे होते?"

तिनं मूठ उघडली. मेणावर पिवळा अंगठा. "आणि हा कुणाचा? आणि जळक्या दोराचं टोक गोरं कसं?"

येसू म्हातारीनं मेण पाहिलं. तांडेलाचे हात पाहिले. "दोर कुणी तोडला रे, मेल्या?" ती हलकेच म्हणाली. पागोटं धरून उभा असलेला माणूस मागं सरकला. मग त्याच्या मागचा. मग सगळेच.

ऊन उतरलं. ताम्हणातलं पाणी तांबं खात राहिलं. हळूहळू, चवीनं.

आणि किनाऱ्यावर एकटा तांडेल हात धूत होता. लाट येत होती, लाट जात होती. अख्खा समुद्र ओंजळीत, आणि हात पिवळे, हात पिवळे, हात पिवळे.