उत्तरातले दोन अधिक

दहावीचं गणित दोनदा सुनेच्या मानगुटीवर बसलं होतं. ही तिसरी खेप. पास झाली, तर शिवणशाळेत शिकवायची जागा तिची. नाही झाली, तर जागा दुसरीला जाणार. आणि पेपर परवावर आलेला!

सासूबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. घरातच मास्तरीण, मग घोडं अडलं कुठे? बहुपदींच्या बेरजेत. पाच एक्स-वर्ग अधिक तीन एक्स अधिक सात, इथवर ही बाई बिनचूक यायची आणि मग सगळ्याचं गाठोडं बांधून 'पंधरा एक्स-घन' लिहून मोकळी व्हायची.

"अगं, उत्तर आलं होतं की!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"आई, मध्ये दोन अधिक लोंबतायत नुसते. असं अर्धवट काम मी गिऱ्हाइकाला देत नाही."

सासूबाईंनी वही मिटली. रजईसाठी कापलेल्या कापडाच्या दोन पिशव्या तिच्यापुढे ओतल्या. "दोन्ही एकत्र कर आणि वर चिठ्ठी लाव."

सुनेने भराभर चळती लावल्या. मोठे चौकोन चौकोनांवर, लांब पट्ट्या पट्ट्यांवर, चिमुकले तुकडे तुकड्यांवर. चिठ्ठीवर लिहिलं: चौकोन पाच, पट्ट्या तीन, तुकडे सात.

"पंधरा लिही ना सरळ."

"काहीतरीच तुमचं! पंधरा काय? पट्ट्या चौकोनांत मोजल्या, तर शिवणारीनं काय डोंबल शिवायचं? जे एका मापाचं तेच एका चळतीत, बाकीचं..." तिचा हात हवेतच राहिला. "अगंबाई! म्हणजे हे काम पुरं झालंय?"

"कधीचंच! सरूप पदं तेवढी एकत्र करायची, बाकीची सुखानं शेजारी राहतात. दोन वर्षं घसा फोडून हेच सांगतेय, बयो!"

पेपरात अशीच बेरीज आली. तीन पदं लिहून झाली आणि हात पुन्हा शिवशिवला. तिने पेन खाली ठेवलं, ओठ चावून हसू दाबलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

निकाल लागला. गणितात एकसष्ट! सुनेला काय करू न् काय नको असं झालं. तिने सासूबाईंना चक्क उचललं आणि गरकन फिरवलं.

"पाडशील गं, ठेव खाली!" सासूबाई हसता हसता रडायलाच लागल्या. "चाळीस वर्षं शिकवलं, पण कुठल्या विद्यार्थ्याची अशी उचलायची छाती झाली नाही!"