दोन पाटे

पुणतांब्याहून शिर्डीला भाडी मारणारी आमची जुनी लँडमास्टर मोटार मागून पार बसली होती. तिच्या स्प्रिंगच्या कमानीत एक जादा लोखंडी पाटा घालायला हे जॅक लावून खाली शिरले. जॅकशेजारी दगड रचले होते, पण ते मोटारीला पोचत नव्हते. मी बाळाला निजवून चटणी वाटत होते.

"अगं, पाटा दे!" हाक आली.

मी वरवंटा बाजूला ठेवला आणि वाटायचा पाटाच उचलून धापा टाकत अंगणात नेला.

"मोटारीला चटणी चारतीस का काय, सूनबाई?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या.

हे खालून खो खो हसले. "अगं, लोखंडाचा! बरं, आणलायस तर ठेव त्या दगडांवर."

मी ठेवून हात काढते तोच जॅक भुसभुशीत मातीत कलला आणि मोटार खाली आली.

"अहो!"

नुसती धूळ. मग एक हात दिसला आणि हे सरपटत बाहेर आले. मोटार पाट्यावर अडली होती.

सासूबाईंनी हळदीकुंकू आणून पाट्याला वाहिलं. बाळाची पाचवी याच पाट्यावर पुजली होती.

"पुन्हा पाटा मागितला तर?" यांनी अंगावरची धूळ झटकत विचारलं.

"हाच आणीन," मी म्हणाले.