कोणत्या माणसाला?

क्रेनवाल्याच्या हातून लोखंडाचा गठ्ठा सुटला. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून त्या गड्याचा पाय काही क्रेनच्या शिडीवर पडेना. साहेबांनी बजावलं, सोमवारी वर चढ, नाहीतर काम सोड. बायकोनं त्याला धरूनच समुपदेशक बाईंकडे नेलं.

"काय होतंय, दादा?" बाईंनी विचारलं.

"एवढ्या उंचावर माणसाला जरा धडधडतंच की."

"कोणत्या माणसाला?"

"म्हणजे... कुणालाही."

"समोर तर तुम्हीच बसलाय."

बायको फिस्सकन हसली. "घरीही असंच, बाई! माणसाला भूक लागते, माणसाला चहा लागतो. हा माणूस आहे तरी कोण?"

गडी खुर्चीत सरसावून बसला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "खाली कुणी उभं असलं की वाटतं, माझ्या हातून पुन्हा सुटेल."

"आणि खाली कुणी नसलं तर?"

सोमवारी त्यानं फोरमनला गाठून सांगितलं, "मला भीती वाटते. आधी खाली कुणी नसताना चढून बघतो." फोरमननं डोकं खाजवलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं आवार रिकामं केलं. गडी शिडी चढला, केबिनमध्ये बसला आणि रिकामा हूक हळूहळू खाली सोडला.