सूरजची उडी

आखातात लढाई पेटली तेव्हा टीव्हीवरचे लोक क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी क्षेपणास्त्रं मोजत होते, आणि आपला देश या युद्धात नाही असं दर अर्ध्या तासाने बजावत होते. नाही तर नाही! कोकणातल्या बुरोंडी गावात मात्र गॅसचं सिलिंडर मिळेना, डिझेलच्या भावापायी होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या, आणि मच्छीमार गुणाजीचा थोरला मुलगा सूरज ज्या तेलवाहू जहाजावर खलाशी होता, त्याच्यावर ड्रोन येऊन आदळलं. बावीसपैकी एकवीस जण सापडले. सूरज बेपत्ता. त्या एका शब्दावर गुणाजी आणि त्याची बायको हिरा अकरा दिवस तग धरून होते.

बाराव्या दिवशी हर्णेचा भावेश आला. तोही त्याच जहाजावर होता. दोन्ही हातांना बँडेज. हिरा चहा टाकायला आत गेली, तसा गुणाजीने त्याला जाळ्यांच्या ढिगाआड नेलं.

"खरा काय ता सांग."

भावेशने मान खाली घातली. "काका, जहाज पेटला. कॅप्टन ओरडला, उड्या मारा. आमी सगल्यांनी मारल्या. सूरज कठडा धरून उभा. मी पाण्यातून बोंबलतोय, अरे सोड, सोड! तर बोलतो, बाबांनी सांगितलाय, होडी सोडायची नाय. मंग टाकी फुटली."

 सांगितलं होतं गुणाजीनेच, पोर सात वर्षांचं असल्यापासून, दर फेरीला. लाकडाची होडी उलटली तरी तरंगते. तिला धरून राहिलेला वाचतो, पोहत सुटलेला जातो. या शिकवणीने त्याचा स्वतःचा जीव दोनदा वाचला होता. पोटात तेल घेऊन जळणाऱ्या लोखंडी जहाजाचं तसं नसतं, एवढं मात्र पोराला सांगायचं राहून गेलं.

"तिला ह्यातला काय बोलू नको," तो म्हणाला. "उडी मारलीन, लाटेत दिसेनासा झाला, इतकाच सांग."

हिरा चहा घेऊन आली. तिच्याकडे न बघता भावेशने तेवढंच सांगितलं.

 हिराचा चेहरा एकदम उजळला.

"उडी मारलीन? मंग जिता हाय तो! अवो, भर भरतीत पवणारा पोर तो. लागला असंल कुठल्यातरी बेटाला." तिने घरात धाव घेतली आणि फोन आणून नवऱ्याच्या हातात कोंबला. "लावा त्या जहाजवाल्यांच्या ऑफिसला. बेटांवर शोधा म्हणावा. आनि भटजींना कळवा, माज्या पोराचा दिवसकार्य कायएक करायचा नाय."

भावेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गुणाजी फोनकडे बघत बसला. आज लावला तर तो जन्मभर लावत राहावा लागणार, हे त्याला कळत होतं. त्याने फोन खाली ठेवला आणि बायकोचा हात धरला. लग्नाला तीस वर्षं झाली, पण परक्या माणसासमोर त्याने तो कधी धरला नव्हता.

"हिरा, उडी नाय मारलीन त्याने," तो म्हणाला. "माजा ऐकलान."