खांबाभोवतीची गिरकी

"या हरणाच्या तोंडात कुणीतरी कांदा खाऊन श्वास सोडलाय," मुखवट्याच्या आतून विल्बर कुरकुरला.

"मागच्या शनिवारी आत तूच होतास," बाल्बिना त्याच्या मानेखालची दोरी आवळत म्हणाली. "गप्प राहा आता. पाहुणे जिना उतरतायत."

पाहुणे म्हणजे डॉन निकानोर, सान लुकास गावच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष. एल साल्वादोरहून विमानाने थेट मेरीलँडला आलेले. ते तळघरातल्या खांबाजवळच्या पहिल्या खुर्चीत बसले, मांडीवर वही उघडली, आणि ती वही बाल्बिनाला मुळीच आवडली नाही.

त्याचं कारण असं, की वाघ-हरणाच्या या नाचाचा पहिला अर्धा भाग सान लुकासचा होता, आणि दुसरा बाल्बिनाचा. बायकांनी तो नाचायचा नसे, म्हणून तेरा वर्षांच्या बाल्बिनाने तो भिंतीवर चढून पाहिला होता. शिकारी म्हातारा येतो, त्याची म्हातारी येते, वाघ दबा धरून बसतो, इथवर तिला चांगलं आठवत होतं. नेमकं तेव्हाच आईने तिला पाय धरून खाली ओढलं. पुढच्या वर्षी गावात सैन्य आलं, माणसं गेली, नाच बंद पडला. कुठे गेली, हे आमच्यात कुणी विचारत नाही.

इथे मेरीलँडला आमच्या लोकांचं नाचाचं मंडळ निघालं त्याला पंचवीस वर्षं झाली. हरणाला मारायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कसं ते कुणालाच नाही. मग बाल्बिनाने आपल्या मनाने मारलं. चर्चने तळघर फुकट दिलं होतं, पण बरोब्बर मधोमध खांब. पहिल्या वर्षी त्यावर आपटून हरणाचं शिंग मोडलं, म्हणून दुसऱ्या वर्षी तिने हरणाला खांबाभोवती तीन गिरक्या घ्यायला लावल्या. तिसऱ्या वर्षी कुणीतरी नव्या माणसाला सांगितलं, तीन म्हणजे आकाश, धरती आणि पाताळ. बाल्बिनाने ते ऐकलं आणि नाही म्हटलं नाही.

मंडळाच्या संचालिका डेल्मी दरवर्षी अनुदानाच्या अर्जात 'चारशे वर्षं जशीच्या तशी जपलेली परंपरा' असं लिहीत. ते वाचून दाखवलं की दोन-चार जण घसा खाकरत, इतकंच. आता सान लुकासला नाच परत हवा होता. उत्सवात नाचायला, आणि शाळेच्या पुस्तकात छापायला.

"पुस्तकात पहिलं नाव तुमचंच, निन्या बाल्बिना," डेल्मी तिच्या कानाशी लागल्या. "जरा हसा ना." निन्या म्हणजे पोरी. आमच्यात मान द्यायचा तर बाईला पोरीच म्हणतात, मग ती ऐंशीची का असेना.

ढोल आणि पावा सुरू झाला. वाघाने झेप घेतली, हरीण पळालं, खांबाभोवती तीनदा फिरलं.

"अगदी अस्संच," डॉन निकानोर मान डोलावत म्हणाले. "माझे वडील अस्सेच फिरायचे." त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाल्बिनाने ढोल थांबवला.

"विल्बर, आता उलट्या बाजूने. पाच वेळा."

"निन्या, मला आधीच गरगरतंय."

"हरणाला कुणी विचारत नाही. फीर."

विल्बर उलटा फिरला. शेवटच्या गिरकीला त्याने खांबाला मिठीच मारली.

"वा," डॉन निकानोर म्हणाले. "हे मी पार विसरलोच होतो बघा." तेही लिहिलं.

डेल्मींनी समाधानाने सगळ्यांकडे पाहिलं. "अस्सल ते अस्सलच."

"फक्त एक अडचण आहे," डॉन निकानोर पेन चावत म्हणाले. "आमच्या चौकात खांब नाही. उभारू म्हणा. पण सिमेंटचा चालतो, की लाकडाचाच लागतो?"

"लाकडाचाच," डेल्मी क्षणभरही न थांबता म्हणाल्या. "सावरीचा. पवित्र झाड ना ते."

ढोलवाला आपल्या बोटांकडे बघू लागला. विल्बर मुखवट्यातून बाहेरच येईना. वर स्वयंपाकघरात बायका पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, थापत होत्या.

डॉन निकानोर 'सावर' लिहीत होते. अक्षर शाळकरी, गोल गोल. सैन्य आलं त्या वर्षी हा माणूस जेमतेम चार वर्षांचा असेल, असा हिशेब बाल्बिनाच्या मनात आपोआप झाला. त्याला आठवण्यासारखं काही नव्हतंच. उद्या सान लुकासची पोरं या खांबाभोवती फिरतील, आणि पुस्तकात लिहिलेलं असेल की त्यांचे आजे असेच फिरायचे. खाली तिचं नाव. पंचवीस वर्षं ज्या नावाला इथे माणसं उठून उभी राहत होती, ते.

तिने त्यांच्या हाताखालून वही हळूच काढली आणि मिटली.

"निन्या," डेल्मी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"डॉन निकानोर, हा खांब छत खाली येऊ नये म्हणून आहे," बाल्बिना म्हणाली. "गिरक्या मी घातल्या. खरा नाच मला येत नाही, तुम्हालाही येत नाही. ज्या अकरा जणांना येत होता त्यांना सैनिकांनी गावच्या चर्चच्या भिंतीशी उभं करून मारलं. हरीण तुमचे वडील होते."