पुष्पलतेचं कोपर

मी चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकता ऐकता तुम्हाला माझी दया येईल, आणि ती मला सोसायची नाही.

पुष्पलता माझी नणंद. चौसष्ट सालच्या एप्रिलात तिला बालाघाटातच, सरकारी कन्याशाळेत मास्तरणीची नेमणूक मिळाली. एक जुलैला रुजू व्हायचं आणि त्याआधी सरकारी डॉक्टरकडून फिटनेसचा दाखला आणायचा, एवढंच उरलं होतं. नेमणुकीचा कागद आला त्याच्या चौथ्या दिवशी ही सायकल शिकताना वैनगंगेच्या रस्त्यावर पडली आणि उजवं कोपर निखळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी ते बसवून तीन आठवडे प्लास्टर घातलं. प्लास्टर काढल्यावर तिथल्याच कसरतीच्या खोलीत तिला शिकवलं, की हात स्वतःच्या जोराने दुमडायचा, स्वतःच सरळ करायचा आणि दुखलं की थांबायचं. दुसऱ्या कोणी ओढायचा नाही, चोळायचा तर मुळीच नाही. तसं कागदावर लिहून दिलं आणि मामंजींना वाचूनही दाखवलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे, गुणाकरराव. कलेक्टर कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर लाल शेरा मारण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

पुष्पा शहाणी मुलगी. सांगितल्याबरहुकूम ओसरीवर बसून हात हलवायची. पंधरा दिवसांत बोटं हनुवटीला लागली. एका सकाळी तिने त्याच हाताने स्वतःचं कुंकू लावलं आणि मला दाखवायला स्वयंपाकघरात धावत आली. मी म्हटलं, बरं झालं, आणि कणीक तिंबत राहिले. मॅट्रिक मीही झालेय, तिच्यापेक्षा जास्त मार्कांनी. माझं सर्टिफिकेट लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेलं आणि तिचं भिंतीवर चौकटीत लागलं.

मामंजींना ही कासवाची चाल पसंत नव्हती. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं तर हात सरळ हवा, आणि दुखल्याशिवाय सांधा सुटत नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कसरत आपल्या हातात घेतली. रोज पूजा आटोपली की पुष्पाला सतरंजीवर निजवायचं, कोपराला कढत तिळाचं तेल चोळायचं आणि मनगट धरून ओढायचं. मी खांदा दाबून धरायची. मग हाताला वाळूची बादली टांगायची. पुष्पा पदर तोंडात कोंबायची, कारण आवाज केलेला मामंजींना चालत नसे. माझा नवरा मुकुंद जंगलखात्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

आठवड्याने मामंजींचे हात थकले, म्हणून मैनाबाईला बोलावलं. अर्ध्या बालाघाटच्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या, त्यात मीही. तिने कोपरावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

"हा हात तापून राह्यला, साहेब," ती म्हणाली. "अंदर गाठ धरली हाय. मी याले तेल लावणार नाही, तुम्हीबी लावू नका."

मामंजींनी तिला अडाणी म्हणून चहाशिवाय वाटेला लावलं. डॉक्टरचा कागद आणि मैनाबाईचा तळवा एकच गोष्ट सांगत होते. ती मला तेव्हाच कळली होती. त्यांनाही कळली असावी, पण नाझराने एकदा मारलेला शेरा खोडायचा कसा?

पुढच्या सकाळी मामंजी तेल आणायला आत गेले तेव्हा पुष्पाने माझा हात धरला.

"वहिनी, आज नका धरू मले. तुम्ही सोडलं तं बाबांले एकट्याले ओढणं जमत नाही."

खरंच होतं ते. दूध उतू चाललंय असं सांगून मला उठता आलं असतं. मी उठले नाही. रोज एका हाताने धरायची, त्या दिवशी दोन्ही हातांनी धरलं. ती माझ्याखाली तडफडत होती आणि मला बरं वाटत होतं.

जूनच्या शेवटी आम्ही तिघं दाखल्यासाठी सरकारी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी हात तोंडाला लावायला सांगितला. तो अर्ध्यातच अडला, आणि सरळही होईना. एक्स-रे पाहून ते म्हणाले की मांसात नवं हाड धरलंय. हाताला कोणी जबरदस्ती केली असेल तर ती आजपासून बंद करा. वर्षभराने ते हाड कापून काढता येईल आणि तोवर जागा राखून ठेवा असं मी शाळेला लिहीन. पण आपोआप वाढलं असेल तर कापल्यावरही पुन्हा वाढणार, आणि मग अनफिट लिहिण्यावाचून मला इलाज नाही. त्यांनी सरळ विचारलं, हात कोणी चोळला, ओढला का?

"कोणीच नाही," मामंजी म्हणाले. "हिनेच कसरतीत आळस केला. सुनेला विचारा."

बापासमोर पुष्पाने उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरही बघत होते. एक वाक्य पुरे होतं.

"हौ," मी म्हटलं. "कोणीच हात लावला नाही."

डॉक्टरांनी कागदावर अनफिट लिहिलं.

त्याला आता सात वर्षं झाली. पुष्पाचा उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही, आणि डाव्या हाताने जेवणं मामंजींच्या घरात चालत नाही. म्हणून दोन्ही वेळा मीच तिला भरवते. ती खाली बघून तोंड उघडते. मला तिने आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. कधीतरी घास चावता चावता मान वर करते, आणि आता विचारणार असं वाटतं. तेव्हा पुढचा घास मी मोठा करते.